पार्सल परत जायच्या आत काय करायचं: नागपुरात नवीन आलेल्यांसाठी

तुम्ही नागपुरात शिकायला आले असाल, मिहानमधे नोकरी लागली असेल नाहीतर बदली होऊन आले असाल, आणि भाड्याच्या खोलीवर पहिल्यांदाच काही ऑनलाइन मागवलं असेल, तर हे तुमच्यासाठी लिहून राहिलो. आमच्या लेआऊटमधे, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, कोणी नवीन भाडेकरू आला की थोड्या दिवसांनी तो हेच विचारत येते, "दादा, दिवसभर घरीच होतो, ना फोन ना बेल, आणि ट्रॅकिंगवर कस्टमर नॉट अव्हेलेबल लिहून आलं, आता तर पार्सल परत निघालं म्हणते, काय करू?" तो विचारायला येते तेव्हा बहुतेक उशीर झालेला राहते, आणि पुस्तकं, औषधं, लॅपटॉपचा चार्जर असं अडलेलं काही असलं की मला खरंच वाईट वाटते, कारण दोन दिवस आधी दोन मेसेज टाकले असते तर पार्सल मिळालं असतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कुरिअर कंपनीचा ग्राहक तुम्ही नाही, पाठवणारा आहे. कुरिअरला पैसे त्यानं दिले, करार त्याचा, आणि पार्सल पुन्हा न्यायचं की परत पाठवायचं हे ठरवायचा पहिला हक्क त्याचा. म्हणून होते काय, तुम्ही कस्टमर केअरला अर्धा तास घालवता, तिथून फक्त "सर, रिक्वेस्ट टाकली आहे" ऐकू येते, आणि तिकडे विक्रेत्यानं त्याच्या पॅनलवर री-अटेम्प्टचं, म्हणजे पुन्हा चक्कर मारायचं, एक बटण दाबलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पार्सल गाडीत चढते. डिलिव्हरी फेल झाली की त्याच दिवशी दोघांशी बोलायचं, कुरिअरशी आणि पाठवणाऱ्याशी. एकाशी बोलून दुसऱ्याची वाट पाहत बसण्यातच लोकांची पार्सलं जातात.

आणि यासाठी वेळ फार कमी मिळते. बहुतेक कंपन्या तीन चकरा मारतात असं म्हणतात, पण तीन चकरा म्हणजे तीनदा कोणी दारात येईल असं धरून चालू नका, सिस्टममधे तीन नोंदी झाल्या की झालं, आणि काही नोंदींवर तर पहिल्याच वेळी माल परतीला लागते. पहिली फेल नोंद आणि परतीचा शिक्का याच्या मधले जे एक-दोन दिवस आहेत, जे करायचं ते त्यातच.

आधी पत्ता नीट करा

नागपूरचे पत्ते बाहेरच्या माणसाला समजत नाहीत, यात तुमची काही चूक नाही. इथे अर्धं शहर लेआऊटचं आहे, प्लॉट नंबर असतात पण ते ओळीनं असतीलच असं नाही, चौतीसच्या शेजारी एकोणसत्तर निघते, आणि एकाच नावाचं नगर शहराच्या दोन टोकांना सापडते. साई नगर, गणेश नगर, शिवाजी नगर एवढंच लिहिलं तर नवीन डिलिव्हरीवाला कुठेही जाऊन उभा राहू शकते. त्याच्यात बेसा, हुडकेश्वर, दाभा, गोधनी इकडच्या नवीन वस्त्यांमधे मॅपवरच्या गल्ल्या आणि खऱ्या गल्ल्या जुळतच नाहीत.

म्हणून पत्ता असा लिहा: प्लॉट नंबर, घरमालकाचं आडनाव, लेआऊटचं किंवा गृहनिर्माण सोसायटीचं पूर्ण नाव, मोठा रस्ता किंवा चौक, मग खूण, मग पिनकोड. घरमालकाचं आडनाव लिहायला लोक लाजतात, पण गेटवर पाटी त्यांची राहते, गल्लीत लोक त्यांनाच ओळखतात, तुम्हाला कोणी ओळखत नाही अजून. खूण म्हणून दुकान टाकू नका, दुकानं बदलत राहतात. पाण्याची टाकी, एनआयटी (नागपूर सुधार प्रन्यास) गार्डन, मंदिर, बुद्ध विहार, शाळा, असं टाका जे दहा वर्षं हलणार नाही. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि जिना मागून असेल तर तेही लिहा, "जिना मागच्या बाजूनं" या तीन शब्दांनी बऱ्याच चकरा वाचतात.

पिनकोडवर लोक लक्ष देत नाहीत, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, आणि ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी, संस्कृतचे कवीही होते. सहा अंकांपैकी पहिले तीन टपाल कुठल्या भागात छाटायचं ते सांगतात आणि शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस. शहरातले बहुतेक पिन ४४० नं सुरू होतात, सिव्हिल लाइन्सच्या जीपीओचा ४४०००१, आणि कामठी किंवा बुटीबोरीकडे गेलं की ४४१ लागते. खाजगी कुरिअरवाले पण याच पिनवर ठरवतात की पार्सल कुठल्या शाखेत टाकायचं. शेवटचा एक अंक चुकला की पार्सल शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत जाते, तिथला पोरगा म्हणते हा एरिया माझा नाही, आणि शेरा पडते चुकीच्या पत्त्याचा. घरमालकाला तोंडी विचारण्यापेक्षा त्यांच्या लाइट बिलावर किंवा आधारवर पाहून घ्या, आणि टपाल खात्याच्या वेबसाइटवर एकदा तपासून घ्या. २०२५ मधे खात्यानं डिजिपिन पण आणलं आहे, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या जागेला दहा अक्षरांचा कोड, चांगली गोष्ट आहे, पण आज डिलिव्हरीवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेलं लोकेशनच जास्त कामी येते.

दुसरा फोन नंबर नक्की टाका, रूममेटचा किंवा घरमालकांचा, त्यांना विचारून. हॉस्टेलवर असाल तर गेटवरचं रजिस्टर कोण सांभाळते, पार्सल ठेवून घेतात की नाही, हे आधीच विचारून ठेवा.

ट्रॅकिंग वाचायला शिका

तुमच्या ॲपवर जो ऑर्डर नंबर दिसते तो कुरिअरवाल्यासाठी काहीच कामाचा नाही, त्याला एडब्ल्यूबी नंबर म्हणजे ट्रॅकिंग नंबर लागते. तो ॲपमधेच ट्रॅकिंगच्या पानावर कुठेतरी खाली राहते, नाहीतर मेसेजमधे येते. तो घेऊन कुरिअरच्या स्वतःच्या वेबसाइटवर पाहा, कारण विक्रेत्याच्या ॲपवर "उशीर होत आहे" एवढंच गोड गोड दाखवते आणि कुरिअरच्या साइटवर खरा शेरा, वेळ आणि जागा दिसते.

"नागपूर हबला पोचलं" दिसलं म्हणून खूश होऊ नका, आणि दोन दिवस तिथेच दिसलं म्हणून घाबरूही नका. हब वेगळं, डिलिव्हरीची शाखा वेगळी. देशाच्या मधोमध असल्यामुळे हे शहर आधीपासूनच टपालाचं जंक्शन आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून विमानं रात्री इथेच उतरायची, पिशव्या अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परत जायची. आताही वाडी, अमरावती रोड, हिंगणा, बुटीबोरी या पट्ट्यात मोठी मोठी गोदामं आहेत आणि तिथून विदर्भाचा, बाहेरचाही माल छाटून जाते. तुमचं पार्सल मोठ्या हबवरून तुमच्या भागाच्या शाखेत आल्याची वेगळी नोंद पडते, आणि खरं काम त्या शाखेशी. तिचं नाव लिहून ठेवा.

आता शेरे. "कन्साइनी नॉट अव्हेलेबल" किंवा "डोअर लॉक" म्हणजे कोणी नव्हतं, यात सहसा पुन्हा चक्कर होते. "इनकम्प्लीट अड्रेस" म्हणजे पत्ता सापडला नाही, यात तुम्ही काही सांगितलं नाही तर दुसऱ्या चकरेला पण तेच होणार. "फ्यूचर डिलिव्हरी रिक्वेस्टेड" म्हणजे ग्राहकानंच नंतर आणा म्हटलं, आणि हे तुम्ही म्हटलेलं नसेल तर लगेच लिहून कळवा. आणि "रिफ्यूज्ड" किंवा "कॅन्सल्ड बाय कस्टमर" हा सगळ्यात वाईट, कारण यात पार्सल दुसरी चक्कर न करताच परतीला लागू शकते. हा शेरा दिसला की हातातलं काम सोडून फोन उचला. "आरटीओ इनिशिएटेड" म्हणजे रिटर्न टू ओरिजिन, माल पाठवणाऱ्याकडे परत निघाला, गाड्यांच्या आरटीओशी याचा संबंध नाही.

घरी असूनही नॉट अव्हेलेबल काऊन येते

दोन-तीन कारणं आहेत. एक तर आपल्या इथला उन्हाळा. एप्रिल-मे मधे पारा ४५ च्या आसपास जाते, घरोघरी खिडकीत कूलर लागलेला, दार बंद, आणि त्या आवाजात बेल नाही ऐकू येत, फोन पण नाही. भर दुपारी उन्हात उभा असलेला पोरगा दोन मिनिटं थांबते आणि निघून जाते, त्याला पण दोष देववत नाही. पार्सल यायच्या दिवशी फोन आवाज मोठा करून जवळ ठेवा, आणि गेटवर एक चिठ्ठी लावा की वरच्या मजल्यावर फोन करा.

दुसरं कारण फोनचं. बऱ्याच कंपन्या पोराचा नंबर लपवून मधल्या यंत्रणेतून फोन लावतात, त्यामुळे तुम्हाला कुठल्यातरी अनोळखी लँडलाइनसारख्या नंबरवरून फोन येते, ट्रूकॉलर त्याला स्पॅम म्हणून लाल करते, आपण कापतो. उलटा फोन लावला तर तो लागत नाही. पार्सल "आउट फॉर डिलिव्हरी" असेल त्या दिवशी अनोळखी नंबर उचला, स्पॅम आपोआप कापायची सेटिंग बंद ठेवा.

तिसरं कारण म्हणजे खोटा शेरा, आणि तो होते, लपवायचं काही कारण नाही. बहुतेक पोरांना पार्सलमागे पैसे मिळतात, सकाळी शीटवर, म्हणजे त्या दिवशीच्या पार्सलांच्या यादीवर, माल इतका चढवलेला राहते की रात्रीपर्यंत उरकत नाही, आणि शीट बंद करायची तर प्रत्येक पार्सलला काहीतरी शेरा टाकावाच लागते. म्हणून रात्री आठ-नऊ नंतर एकदम "नॉट अव्हेलेबल" येते. दोष वरून लादलेल्या मालाचा, पण नुकसान तुमचं होते, त्यामुळे पोरावर न चिडता नोंद दुरुस्त करून घेणं हेच तुमचं काम. रागावून बोललं की पुढच्या वेळी तोच पोरगा तुमची गल्ली टाळते, असं होताना मी पाहिलं आहे.

ओटीपीचं मात्र नीट ऐका. आजकाल डिलिव्हरीला ओटीपी लागते आणि "ग्राहकानं नाकारलं" असा शेरा टाकायला पण बऱ्याच ठिकाणी ओटीपी लागते. कोणी फोनवर म्हटलं, "सर, आज नाही जमत, उद्या आणतो, जरा एक ओटीपी आला असेल तो सांगा," तर आधी त्या मेसेजमधली पूर्ण ओळ वाचा. तो ओटीपी डिलिव्हरीचा असेल तर पार्सल हातात नसताना मिळालं असं लागेल, कॅन्सलचा असेल तर पार्सल परत जाईल. पार्सल हातात आल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी.

आणि याच काळात ठगांचे मेसेज येतात. "तुमचं पार्सल पत्ता अपूर्ण असल्यामुळे अडकलं आहे, १२ तासांत लिंकवर पत्ता अपडेट करा आणि पाच रुपये भरा," असले मेसेज टपाल खात्याच्या नावानं पण फिरतात. आपण खरंच पार्सलची वाट पाहत असतो म्हणून फसतो. लिंक उघडू नका, ट्रॅकिंग नंबर स्वतः कुरिअरच्या साइटवर टाकून पाहा. कोणी स्टार-चारशे-एक किंवा स्टार-एकवीस लावून एखादा नंबर डायल करायला सांगितलं तर तो कॉल फॉरवर्ड करायचा डाव आहे, मग तुमचे कॉल आणि कॉलवर येणारे ओटीपी त्याच्याकडे जातात. चुकून केलं असेल तर हॅश हॅश ००२ हॅश डायल करून फॉरवर्डिंग बंद करा, आणि पैसे गेले असतील तर जराही वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

फेल शेरा आला, आता लगेच काय

पहिलं काम, स्क्रीनशॉट. ट्रॅकिंगच्या पानाचा, शेरा आणि वेळ दिसेल असा. दुसरा तुमच्या फोनच्या कॉल लिस्टचा, ज्यात त्या वेळेत कोणाचाच फोन नाही हे दिसेल. फ्लॅटमधे असाल तर गेटच्या रजिस्टरचा फोटो, कॅमेरा असेल तर घरमालकांना सांगून त्या वेळचं फुटेज ठेवून घ्या, ते थोड्या दिवसांनी पुसलं जाते. पोरानं फोन केला म्हणून लिहिलं असेल तर कंपनीच्या यंत्रणेत त्याची नोंद राहते, तुम्ही कॉल रेकॉर्ड तपासा म्हटलं की समोरचा माणूस पण जरा सरळ बोलते.

दुसरं, कुरिअरच्या साइटवर किंवा ॲपवर री-शेड्यूलचं बटण असते तिथे तारीख टाका, लोकेशन टाका. मग कस्टमर केअरला फोन करा आणि तक्रार नंबर घेतल्याशिवाय ठेवू नका. तक्रार नंबर नसला की उद्या तुमचा फोन झालाच नव्हता असं धरलं जाते.

तिसरं, त्याच तासात विक्रेत्याला लिहा. चॅट किंवा ईमेल, फोनवर नाही, कारण लिहिलेलं पुढे पुरावा होते. असं काही लिहा:

"माझा ऑर्डर नंबर अमुक, ट्रॅकिंग नंबर तमुक. आज संध्याकाळी इतक्या वाजता कस्टमर नॉट अव्हेलेबल असा शेरा टाकला आहे. मी दिवसभर या पत्त्यावर होतो, मला कोणताही फोन आला नाही, कॉल लिस्टचा स्क्रीनशॉट सोबत आहे. मला हे पार्सल हवं आहे, मी ते नाकारलेलं नाही. कृपया कुरिअरला आजच री-अटेम्प्टची सूचना द्या आणि परत पाठवू नका म्हणून कळवा. पर्यायी नंबर हा, लोकेशन हे. कुरिअरकडचा तक्रार क्रमांक हा."

"मला पार्सल हवं आहे, मी नाकारलेलं नाही" ही ओळ सोडू नका. पुढे रिफंड, तक्रार, काहीही झालं तर सगळं याच ओळीवर येऊन थांबते. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, समोरच्याला समजेल त्यात लिहा, फक्त त्याच दिवशी लिहा.

चौथं, शाखेत स्वतः जाता येत असेल तर मी तेच सुचवीन. सकाळी गाड्या निघायच्या आधी जा, नाहीतर रात्री पोरं परत आल्यावर. दुपारी गेलं तर तुमचं पार्सल कुठल्यातरी बॅगेत शहरभर फिरत राहते आणि शाखेत एकटा ऑपरेटर बसलेला राहते. जायच्या आधी विचारून घ्या की तिथे स्वतः घेऊ देतात का, काही कंपन्या देत नाहीत. ओळखपत्र, ट्रॅकिंग नंबर, ज्या मोबाइलवर ओटीपी येणार तो मोबाइल, आणि कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर सुटे पैसे किंवा यूपीआय. शाखेतल्या माणसाला भाऊ म्हणून नीट बोला, त्याच्या हातात खूप असते. तो स्वतः तुमच्या एरियाच्या पोराचा नंबर देऊ शकते, आणि तो नंबर एकदा फोनमधे सेव्ह झाला की पुढचे सहा महिने तुमचं सोपं जाते.

परतीचा शिक्का पडला तर

आरटीओ लागल्यावर पण पार्सल काही तास, कधी एखादा दिवस त्याच शाखेत पडून राहते, संध्याकाळच्या गाडीनं मोठ्या हबला जाते. तेवढ्या वेळात विक्रेत्यानं कुरिअरच्या अकाउंटवाल्या माणसाला सांगितलं तर थांबू शकते, तुमच्या विनंतीवर सहसा थांबत नाही. पुढच्या शहराचा स्कॅन पडला की मात्र त्याच्या मागे लागू नका. मग दोनच पर्याय, विक्रेत्याकडून पुन्हा पाठवून घेणं किंवा पैसे परत. कोणता हवा ते तुम्हीच आधी लिहून टाका. पैसे भरलेले असतील तर ते ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात यायला पाहिजेत, आणि माल तुमच्यामुळे परत गेला नाही हे लिहिलेलं असलं की पाठवायचा खर्च कापायचा म्हटलं तर तुम्हाला भांडता येते. कॅश ऑन डिलिव्हरीत पैसे अडकत नाहीत, पण काही प्लॅटफॉर्म तुमच्या नावावर परती जास्त दिसल्या की ती सोयच बंद करतात, म्हणून तिथे पण खोटा शेरा तसाच सोडू नका.

नाही आलेलं पार्सल "डिलिव्हर्ड" दाखवत असेल तर पद्धत तीच, फक्त प्रूफ ऑफ डिलिव्हरी मागा, म्हणजे सही, फोटो, ओटीपीची नोंद, लोकेशन. आधी घरमालक, शेजारी, चौकीदार यांना विचारून घ्या, बरेचदा तिथेच राहते.

पोस्टानं येणाऱ्या गोष्टी

पासपोर्ट, लायसन्स, बँकेची कार्डं, सरकारी पत्रं पोस्टानं येतात आणि पोस्टाचे नियम खाजगी कुरिअरपेक्षा बरेच स्पष्ट आहेत. २०२५ मधे रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमधे विलीन झालं, त्यामुळे आता जवळपास सगळं स्पीड पोस्टच. नंबर तेरा अक्षरांचा, सुरुवातीला दोन अक्षरं, मधे नऊ अंक, शेवटी इंडियाची दोन अक्षरं. घर बंद असेल तर पोस्टमन सूचना चिठ्ठी टाकते आणि वस्तू तुमच्या भागाच्या डिलिव्हरी पोस्ट ऑफिसमधे साधारण सात दिवस ठेवतात, तिथे ओळखपत्र घेऊन गेलं की मिळते. चिठ्ठी उडून जाते, पावसात भिजते, म्हणून चिठ्ठीवर अवलंबून राहू नका, ट्रॅकिंग पाहत राहा. पासपोर्ट तर ज्याचा त्यालाच देतात, ओळखपत्र पाहून, घरमालकाला देणार नाहीत, आणि नाही मिळाला तर पासपोर्ट ऑफिसला परत जाते, मग तिथे चकरा. पोस्टमनला एकदा भेटून नाव आणि मजला सांगून ठेवा, तो रोज तोच एरिया फिरते, आमच्याकडे तर कोण भाडेकरू कधी सोडून गेला हे त्यालाच आधी माहीत असते. तक्रारीसाठी पोस्टाचा टोल फ्री नंबर १८००-२६६-६८६८ आहे, तिथे नाही झालं तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर टाका, तिथून उत्तर येते.

ऐकतच नसतील तर

विक्रेता दाद देत नसेल तर त्यांच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला लिहा. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत, त्यात हा अधिकारी नेमणं सक्तीचं आहे, त्यानं ४८ तासांत तक्रार पोचल्याचं सांगायचं आणि एक महिन्यात निकाली काढायची. त्याचं नाव आणि ईमेल वेबसाइटच्या तळाशी असायला पाहिजे. ईमेलमधे हा नियम आणि तारखा लिहिल्या की बऱ्याचदा तिथेच काम होते.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५, मराठीतून पण बोलता येते, फुकट आहे. ते कंपनीला तक्रार पाठवतात आणि मधे पडतात, आदेश देत नाहीत, पण मोठ्या कंपन्या त्यांच्या तक्रारीला उत्तर देतात.

आणि वस्तू महागाची असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, नागपूरचा सिव्हिल लाइन्समधे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेच केस टाकता येते, कंपनी बंगळुरूची असली तरी तिकडे जायची गरज नाही. दोन वर्षांच्या आत टाकायची, भरलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आता ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या टाकता येते. पाचशेच्या टी-शर्टसाठी मी हे सुचवणार नाही, त्यात तुमचाच वेळ जास्त जाईल, पण चाळीस हजारांचा फोन कोणी अडकवून ठेवत असेल तर मागे हटू नका. स्क्रीनशॉट, तक्रार नंबर, ती "मी नाकारलेलं नाही" वाली ओळ, सगळं इथे कामी येते.

तुम्हीच पाठवत असाल तर

बरेच जण इथून सावजी मसाला, संत्रा बर्फी, पापड-कुरडया, साड्या असं घरून पाठवायला लागलेत, त्यांच्यासाठी थोडंसं. तुम्ही कुरिअरचे ग्राहक, म्हणून वरचं सगळं उलट बाजूनं तुमच्या हातात आहे. पॅनलवर एनडीआरची यादी रोज सकाळी उघडा, म्हणजे काल कोणाकोणाची डिलिव्हरी फेल झाली ते, आणि प्रत्येकाला स्वतः फोन करा. ग्राहक हो म्हटला की त्याच वेळी लोकेशन आणि दुसरा नंबर टाकून री-अटेम्प्ट द्या. उत्तर द्यायला एकच दिवस लावला तरी माल परतीला लागू शकते, आणि परतीचं भाडं पण तुमच्याच खिशातून जाते, म्हणजे एका परत आलेल्या डब्यात दोन्हीकडचा खर्च आणि वर खराब झालेला माल. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर फोनवर पक्की केल्याशिवाय बांधू नका. खाण्याचा माल सोमवारी-मंगळवारी टाका, शुक्रवारी टाकला की रविवारी कुठल्यातरी गोदामात उन्हात पडून राहते. ग्राहकाचा "मी घरीच होतो" वाला स्क्रीनशॉट आला तर तो तसाच कुरिअरच्या तुमच्या अकाउंट मॅनेजरला पाठवा आणि त्या पार्सलचं परतीचं भाडं लावू नका म्हणून लेखी मागा, मागितल्याशिवाय ते कोणी सोडत नाही.